लाट पाहून बोर्ड

स्पर्धांचे व्हिडिओ पाहून सर्फिंगची ओढ लागलेल्या माणसाच्या मनात बोर्डाचं एकच चित्र असतं: सहा फुटांच्या आसपासचा, टोकदार नाकाचा, पातळ कडांचा, तळाला मागे तीन फिन, म्हणजे माशाच्या परासारखी पाती, लावलेला पांढरा शॉर्टबोर्ड. तो सुंदर असतो यात वाद नाही. पण तो घडवला जातो उभ्या, वेगवान, ताकदीच्या लाटेसाठी, आणि ज्याची वर्षानुवर्षं पाण्यात गेली आहेत अशा माणसाच्या पायांसाठी. गोव्यात आश्वे किंवा मांद्रेच्या किनाऱ्यावर पावसाळा संपल्यानंतरच्या महिन्यांत लाट बहुतेक दिवस गुडघ्याएवढी, फार तर कमरेएवढी असते. ती सावकाश फुटते आणि उथळ वाळूवर तिचा जोर लवकर संपतो. तिथे शॉर्टबोर्ड घेऊन उतरलेला नवशिका सकाळभर हात मारत राहतो आणि लाटा त्याच्या खालून निघून जातात. काही दिवसांनी बोर्ड माळ्यावर जातो आणि ‘आपल्याला हे जमणारं नाही’ हा चुकीचा समज मात्र कायमचा घर करतो. याचं फार वाईट वाटतं, कारण त्या माणसात काहीच कमी नसतं. बोर्ड चुकलेला असतो.

म्हणून बोर्ड निवडताना पहिला प्रश्न लाटेचा. आपण खरोखर वारंवार कुठल्या पाण्यात उतरणार आहोत? वर्षातून एकदा बालीला गेलो तर तिथे बोर्ड भाड्याने मिळतो. विकत घ्यायचा तो आपल्या नेहमीच्या किनाऱ्यासाठी. दुसरा प्रश्न वजनाचा आणि तिसरा सध्या काय जमतं याचा. रंग, ब्रँड आणि दुकानदाराचा आग्रह यांची पाळी त्यानंतर.

लाट पकडणं म्हणजे नेमकं काय घडतं ते कळलं की पुढची निवड पुष्कळशी आपोआप होते. १ मीटर उंचीची लाट साधारण १.३ मीटर खोलीवर फुटते आणि त्या वेळी तिचा वेग सेकंदाला साडेतीन मीटरच्या आसपास असतो, म्हणजे ताशी १२-१३ किलोमीटर. नवशिका पालथा पडून हाताने वल्हवतो तेव्हा सेकंदाला मीटरभराची गती मिळाली तरी पुष्कळ. मधला फरक लाटेचा उतार भरून काढतो. लाट उभी असेल तर कुठलाही बोर्ड त्या उतारावरून घसरतो आणि क्षणात लाटेचा वेग गाठतो. लाट बसकी असेल तर उतार अपुरा पडतो आणि तेव्हा बोर्डाची घडण कामाला येते. लांब, रुंद आणि कमी वाकाचा बोर्ड पाण्यावर उंच तरंगतो, समोरचं पाणी कमी ढकलतो आणि थोड्याशा उतारावरही सरकू लागतो. त्यामुळे लाट फुटण्याआधीच ती पकडता येते आणि उठून उभं राहायला एक-दोन सेकंद जास्त मिळतात. शिकणाऱ्याला याहून मोलाचं काही देता येत नाही. सर्फिंग शिकलं जातं ते लाटेवर उभं असताना, आणि उभं राहण्याची संधी दिवसाला दोनदा मिळते की वीसदा, हे मुख्यतः बोर्ड ठरवतो.

पहिला बोर्ड फोमचाच असावा, म्हणजे वरचा थर मऊ असलेला सॉफ्टटॉप. वजन ६० ते ८० किलो असेल तर लांबी ८ फूट ते साडेआठ फूट, रुंदी २२ ते २३ इंच, जाडी सव्वातीन इंचांच्या आसपास. ८० किलोच्या पुढे ९ फूट. पन्नाशीतल्या वजनाला ८ फूट पुरे, कमी उंचीच्या माणसाला साडेसातही चालेल. पस्तीस किलोच्या आतल्या मुलांना ६ ते ७ फूट. रुंदीची एक साधी चाचणी दुकानातच करता येते: बोर्ड काखेत धरावा आणि बोटं खालच्या कडेला वळून पकडतात का ते पाहावं. पकडत नसतील तर त्या बोर्डावर पालथं पडून वल्हवताना हातही कडेवर घासतील, खांदे अवघडतील आणि किनाऱ्यापर्यंत नेतानाच वारा तो हातातून ओढून घेईल. बुटक्या, लहान खांद्यांच्या माणसाने रुंदी २२ इंचांच्या आत ठेवून ती कसर जाडीत भरून काढावी.

स्वस्त सॉफ्टटॉप आणि चांगला सॉफ्टटॉप दिसायला सारखेच असतात. फरक पोटात असतो. आतल्या फोममध्ये नाकापासून शेपटीपर्यंत लाकडाच्या किंवा फायबरच्या पट्ट्या घातलेल्या असतात, त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. ८ फुटी बोर्डाला निदान दोन स्ट्रिंगर हवेत. एकही नसेल तर उभं राहताच बोर्ड मध्ये लवतो, लाटेचा जोर त्या लवण्यातच वाया जातो, आणि एके दिवशी किनाऱ्याजवळच्या आदळणाऱ्या लाटेत मधोमध आडवी घडी पडते. ती घडी दुरुस्त होत नाही. तळाला गुळगुळीत, कडक प्लास्टिकचा थर आहे का आणि वरच्या मऊ थराच्या कडा सुटू लागल्या आहेत का, हेही नखाने उचकून पाहावं.

आता लिटरची गोष्ट. बोर्डावर मापं लिहिलेली असतात: लांबी फूट-इंचात, मग रुंदी, मग जाडी, आणि शेवटी घनफळ लिटरमध्ये. ६ फूट लांब, साडेएकोणीस इंच रुंद आणि अडीच इंच जाड अशा शॉर्टबोर्डाच्या मापांचा नुसता गुणाकार केला तर साडेसत्तावन्न लिटर येतात. पण बोर्ड दोन्ही टोकांना निमुळता आणि कडांना पातळ असतो, म्हणून प्रत्यक्ष घनफळ निम्म्याच्या थोडंच वर भरतं, ३० लिटरच्या आसपास. जुन्या बोर्डावर लिटर लिहिलेले नसतील तर हा हिशेब कामी येतो. जाडजूड सॉफ्टटॉपमध्ये प्रमाण वाढतं आणि ८ फुटी बोर्ड ७० ते ८० लिटरच्या घरात जातो.

नवशिक्यासाठी ढोबळ नियम असा की जितके किलो वजन, निदान तितके लिटर. न फुटलेल्या लाटेवर डावी-उजवीकडे जाता येऊ लागलं, आठवड्यातून एक-दोनदा पाण्यात उतरणं होऊ लागलं, की हा आकडा हळूहळू किलोमागे ०.६ ते ०.७ लिटरवर आणता येतो. स्पर्धेत उतरणारे ०.४ च्या आसपास किंवा त्याहून खाली असतात. ते बोर्डावर बसतात तेव्हा बोर्ड पाण्याखाली असतो आणि पाणी त्यांच्या कमरेच्या वर. हे त्यांनी मुद्दाम स्वीकारलेलं असतं, कारण लहान बोर्ड येणाऱ्या लाटेखाली दाबून पलीकडे निघता येतं. मोठा बोर्ड असा दाबला जात नाही. त्यासाठी बोर्ड घट्ट धरून उलटं व्हावं लागतं: लाट अंगावर येण्याआधी कूस बदलायची, बोर्ड वर आणि आपण पाण्याखाली, लाट वरून गेली की परत सुलटं. मोठ्या बोर्डाची ही किंमत आहे आणि ती मोजण्यासारखी आहे.

लिटरचा आकडा फसवतो तो इथून पुढे. वल्हवताना तरंगण्याचं काम घनफळ करतं. बोर्ड लाटेवरून धावू लागला की त्याला उचलून धरतं ते तळाखालून जाणारं पाणी, आणि तिथे तळाचा पसारा, रुंदी आणि वाक यांना महत्त्व येतं. ३३ लिटरचा अरुंद, वाकदार शॉर्टबोर्ड आणि ३३ लिटरचा रुंद, सपाट फिश (दुभंगलेल्या शेपटीचा आखूड बोर्ड) हे कागदावर सारखे आणि पाण्यात अगदी वेगळे असतात. बसक्या लाटेवर पहिला अडखळतो, दुसरा धावतो. म्हणून नुसते लिटर जुळवून ऑनलाइन बोर्ड मागवणाऱ्याची हमखास निराशा होते.

वाक म्हणजे रॉकर. बोर्ड सपाट जमिनीवर ठेवून बाजूने पाहिला की नाक आणि शेपूट किती उचललेली आहेत ते दिसतं. जास्त वाक उभ्या लाटेच्या पोटात बसतो आणि झटकन वळतो, पण सपाट पाण्यावर ओढ खातो. कमी वाक वेग देतो आणि उभ्या लाटेवर नाक खुपसतो. भर भरतीच्या वेळी, जिथे वाळूचा चढ एकदम उभा असतो, तिथे लाट किनाऱ्यालगतच आदळते आणि सपाट बोर्डाचं नाक पाण्यात जाऊन माणूस पुढे फेकला जातो. अशा वेळी बोर्डाला दोष देण्याआधी भरती थोडी उतरू द्यावी. बऱ्याच किनाऱ्यांवर तासा-दीड तासात तीच लाट मवाळ होते. नाक खुपसण्याचं दुसरं कारण पडण्याच्या जागेत असतं. बोर्डावर पालथं पडल्यावर नाक पाण्याच्या वर ५ ते ८ सेंटिमीटर दिसायला हवं. त्याहून वर असेल तर आपण फार मागे आहोत आणि लाट पकडताच येणार नाही. पाण्याला टेकत असेल तर फार पुढे आहोत. योग्य जागा सापडली की छातीखाली वॅक्सने (पाय घसरू नये म्हणून बोर्डावर घासतात त्या मेणाने) एक खूण करून ठेवावी.

कडा आणि शेपट्यांबद्दल पुष्कळ बोललं जातं. सुरुवातीच्या काळात त्याचा फरक थोडाच पडतो. गोल, जाडसर कडा चुका पोटात घालतात, पातळ धारदार कडा घालत नाहीत. रुंद शेपूट कमजोर लाटेत जोर देते, टोकदार शेपूट मोठ्या लाटेत पकड देते. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

फिनबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण बोर्ड माणसाच्या शरीराला जुळवून कसा घ्यायचा याचा सगळ्यात चांगला दाखला फिनच्या इतिहासात आहे. हवाईच्या जुन्या लाकडी बोर्डांना फिन नसत. तिथेही लाटेप्रमाणे बोर्ड वेगळे होते: लांबलचक, जड ओलो दूरवर फुगत येणाऱ्या लाटांसाठी, आणि तो सरदार-घराण्यांचा असे; पातळ, छोटा अलाया किनाऱ्याजवळच्या उभ्या लाटांसाठी. १९३५ मध्ये टॉम ब्लेक यांनी बोर्डाखाली फिन बसवला आणि शेपटीचं आडवं घसरणं थांबलं. पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस सॅन दिएगोच्या स्टीव्ह लिस यांनी गुडघ्यांवर बसून चालवण्यासाठी आखूड, रुंद, दुभंगलेल्या शेपटीचा आणि दोन फिनचा फिश घडवला. ऑस्ट्रेलियाच्या मार्क रिचर्ड्स यांनी दोन फिनच्या बोर्डावर १९७९ ते १९८२ अशी सलग चार जागतिक विजेतेपदं मिळवली. सगळे तसाच बोर्ड घेऊ लागले. पण त्यांच्याच देशातले सायमन अँडरसन उंच आणि भरभक्कम देहाचे. त्यांच्या वजनाखाली दोन फिनची शेपूट सटकायची. त्यांनी मध्ये तिसरा फिन बसवला, आणि १९८१ मध्ये तशा बोर्डावर ऑस्ट्रेलियातल्या बेल्स बीचची आणि हवाईतल्या पाइपलाइनची स्पर्धा जिंकली. आजचा जवळजवळ प्रत्येक शॉर्टबोर्ड त्या तीन फिनच्या मांडणीवर उभा आहे. जगज्जेत्याचा बोर्ड दुसऱ्या कसलेल्या सर्फरलाही लागू पडला नाही, ही गोष्ट प्रत्येक खरेदीआधी आठवावी.

फिन घेताना बोर्डातले खाचे कुठल्या पद्धतीचे आहेत ते आधी पाहावं. फ्युचर्स आणि एफसीएस या फिन बनवणाऱ्या कंपन्या. फ्युचर्सच्या फिनला एक लांब बूड आणि एक स्क्रू असतो. एफसीएसच्या जुन्या फिनला दोन छोटी बुडं असतात. एफसीएसचे नव्या पद्धतीचे फिन दाबून बसतात. फ्युचर्सचा फिन एफसीएसच्या खाच्यात बसत नाही आणि एफसीएसचा फ्युचर्सच्या. फिनचा आकारही वजनावर ठरतो, पाकिटावर किलो छापलेले असतात. लाँगबोर्डाचा (९ फुटांच्या आसपासच्या लांब बोर्डाचा) मधला एकच फिन ९-१० इंच खोल असतो आणि आपल्या उथळ वाळूवर तोच पहिला बळी जातो. लाट संपत आली की गुडघाभर पाणी होण्याआधीच बोर्डावरून उतरावं. फिन वाळूत रुतला आणि बोर्ड पुढे ढकलला गेला की फिन तुटणं परवडलं, पण बऱ्याचदा फिन ज्या खाच्यात बसतो ती पेटीच तळातून उचकटते.

दुसरा बोर्ड कधी घ्यायचा? फेसाळलेल्या पाण्यात उभं राहता येतं म्हणून नव्हे. न फुटलेली लाट स्वतः हेरून, स्वतः पकडून, दोन्ही बाजूंना तिरकं जाता येऊ लागलं की. तोवर सॉफ्टटॉपच बरा. त्यानंतर कोकण-गोव्याच्या पाण्यासाठी माझं ठाम मत लाँगबोर्डाच्या बाजूने आहे: ९ फूट ते ९ फूट ४ इंच, साडेबावीस ते तेवीस इंच रुंद, जेमतेम ३ इंच जाड, ६५ ते ७० लिटर. त्याला शिकाऊ बोर्ड समजणं हा अन्याय आहे. गुडघ्याएवढ्या लाटेवर पाय ओलांडत नाकापर्यंत चालत जाणं ही या खेळातली अत्यंत अवघड आणि देखणी गोष्ट आहे, आणि आपली लाट नेमकी त्यासाठी घडलेली आहे. अडचण एकच, नेण्या-आणण्याची. ९ फूट म्हणजे २७४ सेंटिमीटर. मुंबई-पुण्याहून येणाऱ्याला लिफ्ट, जिना, गाडीचा टप, सगळ्याचा विचार करावा लागतो. ज्याला हे जमणारं नाही त्याने ७ फूट ते साडेसात फुटांचा मिड-लेंग्थ घ्यावा: २१ ते साडेएकवीस इंच रुंद, पावणेतीन इंच जाड, ४५ ते ५० लिटर.

कर्नाटकात मुल्कीजवळ नदीच्या मुखाशी साठलेल्या वाळूवर, किंवा चेन्नईच्या दक्षिणेला कोवलम आणि महाबलीपुरमला लाटेला थोडी भिंत मिळते. तिथे नियमित जाणाऱ्याला पावणेसहा ते ६ फुटांचा, साडेवीस ते एकवीस इंच रुंदीचा फिश फार आनंद देईल. लिट्ल अंदमानच्या वेगवान लाटांवर शॉर्टबोर्ड खऱ्या अर्थाने आपल्या जागी असतो. कॅलिफोर्नियात सनीव्हेल-सॅन होजेकडे राहणारे मराठी लोक डोंगर ओलांडून सांताक्रूझला उतरतात, तेव्हा हा फरक एकाच उपसागरात दिसतो. काउएल्सची लाट लांब, मंद, लाँगबोर्डाची. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर स्टीमर लेनची लाट उभी आणि जाणकारांनी गजबजलेली. तिथलं पाणी थंड असल्याने जाड वेटसूट घालावा लागतो, खांदे लवकर थकतात, म्हणून इथल्यापेक्षा दोन-चार लिटर जास्तच घ्यावेत.

कडक बोर्ड दोन प्रकारचे मिळतात. पॉलियुरेथेन फोमवर पॉलिएस्टर रेझिनचा जुना प्रकार थोडा जड, पाण्यात स्थिर आणि दुरुस्तीला सोपा. इपीएस, म्हणजे थर्मोकोलच्या जातीच्या, फोमवर इपॉक्सी रेझिनचा प्रकार हलका, जास्त तरंगणारा, कवचाने मजबूत. पण भेग पडली तर इपीएस पाणी झपाट्याने शोषतो, आणि उन्हात तापलेल्या गाडीत ठेवला तर आतली हवा फुगून वरचं कवच सुटतं. एप्रिल-मे महिन्यांत गोव्यात काळ्या कव्हरमधला बोर्ड दुपारी वाळूवर टाकून जेवायला जाणं म्हणजे बोर्ड गमावणं. दुरुस्तीत एक चूक कधीही करू नये: इपीएस बोर्डाला पॉलिएस्टर रेझिन लावायचं नाही. त्यातल्या स्टायरीनने फोम विरघळतो आणि नखाएवढ्या भेगेच्या जागी मुठीएवढी पोकळी होते. इपॉक्सी दोन्ही प्रकारांना चालतं. बोर्ड कुठल्या प्रकारचा आहे हे माहीत नसेल तर इपॉक्सीच वापरावं.

लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधून ठेवणारा दोर, बोर्डाच्या लांबीएवढी घ्यावी. तिला बोर्डाशी जोडणारी बारीक दोरी बांधताना फास इतका आखूड ठेवावा की तो बोर्डाच्या कडेवर येणार नाही, कडेवर फक्त रुंद पट्टी यावी. फास लांब राहिला तर जोराच्या हिसक्याला ती दोरी कडेचं फायबर करवतीने कापावं तसं कापते. आपल्या समुद्राला ट्रॉपिकल वॅक्स लागतं, खाली कडक बेस कोट आणि वर ते. थंड पाण्यासाठीचं वॅक्स इथे चिखलासारखं विरघळतं.

जुना बोर्ड घ्यायला हरकत नाही. पावसाळ्याआधी सर्फ स्कूल आवरतं घेतात तेव्हा विचारून पाहावं. फक्त वॅक्स पूर्ण खरवडून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण भेगा वॅक्सखालीच लपतात. मग अंगठ्याने सगळा बोर्ड दाबत जावं, विशेषतः जिथे पाय पडतात तिथे. कवच आत जाऊन टक्‌ करत परत आलं तर ते फोमपासून सुटलेलं आहे. आडव्या उजेडात धरून मधोमध आडवी रेघ दिसते का पाहावी, ती मोडून जोडल्याची खूण असते. एकसारखा पिवळेपणा उन्हाचा असतो आणि निरुपद्रवी असतो. तपकिरी डाग पाण्याचा असतो. फिनच्या पेट्यांभोवती केसाएवढी भेग असेल तर फिन हलवून पाहावा आणि पेटी त्याच्याबरोबर हलली तर बोर्ड परत द्यावा. इपीएस बोर्डाच्या बाबतीत शक्य असेल तर भेगेची बाजू खाली करून सावलीत रात्रभर उभा ठेवायला सांगावं. सकाळी खाली ओल दिसली तर किंमत कितीही कमी असो, तो घेऊ नये.